डेव्हिड बोवीची बाग: झाडं न विकता पैसा कसा उभा केला

हिशेबनीस
मागच्या आठवड्यात इथे कुणीतरी विचारलं होतं की रॉकवाले एवढे कमावतात आणि म्हातारपणी कफल्लक कसे होतात. तिथे प्रतिसाद लिहायला बसलो आणि तो मारुतीच्या शेपटासारखा वाढत गेला, म्हणून वेगळा धागा. कफल्लक झालेल्यांची यादी कुणीही देईल. मला कफल्लक न झालेल्या एकाबद्दल लिहायचंय.

आधीच सांगतो, मी काही बोवीभक्त नाही. माझी धाव वसंतराव आणि फार तर किशोरकुमारपर्यंत. १९९७ साली फोर्टात एका रोखे दलालाकडे उमेदवारी करत होतो, तेव्हा हे नाव पहिल्यांदा कानावर पडलं, तेही गाण्यामुळे नाही. इंग्रजी पेपरात आतल्या पानावर बातमी होती: डेव्हिड बोवी नावाच्या गायकाने स्वतःच्या गाण्यांच्या रॉयल्टीवर रोखे काढले (म्हणजे ती तारण ठेवून बाजारातून व्याजाने कर्ज उचललं), साडेपाच कोटी डॉलरचे. तेव्हाच्या भावाने दोनशे कोटींच्या आसपास. आमचे मोठे साहेब चष्मा कपाळावर चढवत म्हणाले, "गवयाचे रोखे! उद्या कीर्तनकाराचे काढतील." सगळं ऑफिस हसलं, मीही हसलो. पुढे बरीच वर्षं याच धंद्यात काढल्यावर कळलं की हसण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

तर मुळापासून. डेव्हिड जोन्स, जन्म १९४७, लंडनचा ब्रिक्स्टन भाग. मंकीज या बँडमध्ये डेव्ही जोन्स आधीच होता म्हणून याने आडनाव बदललं. १९६९ मध्ये 'स्पेस ऑडिटी' गाजलं तरी पैशाच्या नावाने बोंबच. १९७० मध्ये टोनी डिफ्रीज भेटला. वकिलाच्या कचेरीत कारकुनी केलेला, बोलण्यात पटाईत. त्याने 'मेनमॅन' ही कंपनी काढली आणि १९७१ मध्ये आरसीएसारख्या बड्या रेकॉर्ड कंपनीशी करार जमवला. पुढच्या दोन वर्षांत झिगी स्टारडस्ट हे रंगमंचावरचं सोंग वगैरे होऊन बोवी स्टार झाला.

बोवीची समजूत अशी की मेनमॅनमध्ये आपली अर्धी भागीदारी. १९७४ च्या सुमारास कागद नीट पाहिले तेव्हा उलगडा झाला. कंपनी डिफ्रीजची. बोवीचा वाटा फक्त त्याच्या स्वतःच्या कमाईत, आणि खर्च वळते करायचे ते त्याच्या वाट्यातून. खर्च म्हणजे न्यूयॉर्कचं ऑफिस, लांबलचक गाड्या, कंपनीतल्या खोगीरभरतीचे पगार. जत्रा गावाची आणि वर्गणी एकट्या पाटलाची.

१९७५ मध्ये काडीमोड झाला, पण स्वस्तात नाही. त्या काळातल्या ध्वनिमुद्रणांत डिफ्रीजचा कायमचा हिस्सा राहिला, आणि १९८२ पर्यंत बोवी जे नवीन करेल त्यातही. म्हणजे बर्लिनला हाउप्टश्ट्रासेवरच्या फ्लॅटमध्ये राहून केलेल्या कामाचाही एक तुकडा डिफ्रीजला जात होता.

आता पुढची चाल बघा. १९८० नंतर बोवीने पुरा अल्बमच काढला नाही. १९८२ मध्ये ती मुदत संपली आणि डिसेंबरात तो न्यूयॉर्कच्या पॉवर स्टेशन स्टुडिओत नाइल रॉजर्स या संगीत-निर्मात्याला घेऊन बसला. कुठल्याच कंपनीशी करार नव्हता. तयार माल हातात घेऊन तो ईएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या दारात गेला. तो 'लेट्स डान्स', त्याचा सगळ्यात जास्त खपलेला अल्बम. १९८३ च्या दौऱ्याला १५ देशांत ९६ कार्यक्रम झाले, २६ लाख तिकिटं खपली. गरजू माणूस करार करायला जातो तेव्हा आणि नग तयार ठेवून जातो तेव्हा, दोन्ही वेळच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक असतो, हे मंडईतल्या कुठल्याही बाईला विचारा.

आणि आता तो रोख्यांचा प्रकार. आरसीएकडची जुनी ध्वनिमुद्रणं कंपनीच्या मालकीची कधीच नव्हती, ती ठराविक मुदतीसाठी वापरायला दिलेली होती. मुदत संपल्यावर ती परत आली. (ही अट घालून घेतली ती डिफ्रीजनेच. माणूस कसाही असो, हे श्रेय त्याचं.) म्हणजे गाण्यांची बाग परत ताब्यात आली, पण सातबाऱ्यावर दुसरं नाव होतंच: डिफ्रीज.

१९९७ च्या फेब्रुवारीत बोवीचा हिशेब पाहणारा बिल झिसब्लॅट आणि डेव्हिड पुलमन नावाचा बँकर यांनी मिळून ते रोखे काढले. १९९० पूर्वीचे २५ अल्बम, २८७ गाणी, त्यांची येणारी रॉयल्टी तारण. व्याज ७.९ टक्के, मुदत १० वर्षं. सरकारी रोख्यांवर तेव्हा मिळायचं त्यापेक्षा दीडेक टक्का जास्त. मूडीज या पतमानांकन संस्थेने ए३ मानांकन दिलं, म्हणजे बऱ्यापैकी भरवशाचं. सगळेच्या सगळे रोखे प्रुडेन्शियल या विमा कंपनीने एकरकमी उचलले.

त्या पैशातून बोवीने डिफ्रीजचा हिस्सा विकत घेऊन टाकला.

माझ्या मते सगळी गोम इथे आहे. लोक 'बोवी बाँड' म्हणून कौतुक करतात ते नवलाईचं. नवलाई ठीकच. पण त्याने झाडं विकली नाहीत. दहा वर्षांचा मोहर तारण ठेवला आणि झाडांतला परक्याचा वाटा सोडवला. २००७ मध्ये रोखे ठरल्याप्रमाणे फिटले आणि बाग बिनबोभाट त्याच्या एकट्याची झाली.


जाईजुई
वाचतेय. खुर्ची अडवून ठेवते.


पाव_उसळ
हिशेबनीस काका, दंडवत. एक भाबडी शंका: साडेपाच कोटी डॉलर मिळाले म्हणजे त्यावर करही तेवढाच भरला असेल ना? मग हातात काय उरलं?


हिशेबनीस
@पाव_उसळ, भाबडी नाही, नेमकी शंका आहे. गाणी विकली असती तर तो नफा, आणि नफ्यावर कर. हे मात्र कर्ज. कर्जाऊ मिळालेली रक्कम उत्पन्न धरत नाहीत. तुम्ही घरावर कर्ज काढता तेव्हा प्राप्तिकर खातं दारात येतं का? रॉयल्टी जशी येईल तसा तिच्यावर कर लागणार, आणि व्याजाचा खर्च त्याच्या समोर मांडता येणार. पहिल्या वर्षाचं नुसतं व्याजच ४३ लाख डॉलरच्या पुढे जातं, त्यामुळे फुकटचं काही नव्हतं. पण विकण्यापेक्षा पुष्कळ बरं.


कातळावरचा
बागेचा दृष्टांत आवडला, पण मी देवगडकडचा, दीडशे कलमं सांभाळतो, म्हणून थोडी दुरुस्ती करतो. रागावू नका.

आमच्याकडे ज्याला 'बाग कराराने देणं' म्हणतात ते बोवीने केलं नाही. करारात मालक पैसे आगाऊ घेतो आणि तीन-चार हंगाम बाग दुसऱ्याच्या ताब्यात जाते. फवारणी त्याची, राखण त्याची, आंबा त्याचा. मालक मुंबईत बसून खूश. करार घेणाऱ्याला झाडाशी काय देणंघेणं? तो बुंध्याशी कल्टार ओततो, जबरदस्तीने मोहर आणणारं औषध. तिप्पट मोहर येतो, चार वर्षं पेट्याच पेट्या. करार संपतो तेव्हा मालकाच्या हाती येतात दमलेली, फांद्या वाळलेली झाडं. आमच्या चुलत्यांची अर्धी बाग अशीच गेली. आजोबांनी लावलेली कलमं होती, एकेका झाडाला नाव होतं. 'दांडेवरचा', 'विहिरीकडचा', 'बारक्याचा'. विहिरीकडचा अजून उभा आहे, पण त्याला आता पाच डझनसुद्धा लागत नाहीत.

तुम्ही सांगताय त्यावरून रोखेवाल्याला झाडाला हात लावायची मुभाच नव्हती. पैसे वेळेवर आले की त्याचा संबंध संपला. गाणं कुठल्या जाहिरातीत द्यायचं, कुठे नाही द्यायचं, हे मालकाच्या हातात राहिलं. हे कराराने दिलेल्या बागेपेक्षा सोसायटीच्या पीककर्जाच्या जास्त जवळचं आहे. फरक एवढाच की आम्हाला सोसायटी एवढ्या मानाने खुर्ची देत नाही.


हिशेबनीस
कातळावरचे भाऊ, दुरुस्ती शंभर टक्के मान्य. कल्टारचा मुद्दा तर मला सुचलाच नसता. मूळ लेखात बदल करत नाही, तुमचा प्रतिसादच लोकांनी वाचावा.


रात्रपाळी
मला गाण्यांच्या हक्कांचं कधीच नीट कळलेलं नाही. ध्वनिमुद्रणाची मालकी वेगळी आणि गाण्याची वेगळी म्हणजे काय? गाणं म्हणजे गाणंच ना?


बेसगिटारवाला
@रात्रपाळी, सोपं करून सांगतो. एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. एक, शब्द आणि चाल. दुसरी, त्या चालीचं एका ठराविक दिवशी ठराविक माणसांनी केलेलं रेकॉर्डिंग.

बोवीचंच उदाहरण घ्या. 'द मॅन हू सोल्ड द वर्ल्ड' त्याने १९७० मध्ये केलं, फार चाललं नाही. १९९३ मध्ये कर्ट कोबेनच्या निर्वाणा बँडने ते त्यांच्या अनप्लग्ड कार्यक्रमात गायलं आणि आमच्या पिढीच्या निम्म्या पोरांना वाटायला लागलं की गाणं कर्ट कोबेनचंच. ते रेकॉर्डिंग वाजलं की रेकॉर्डिंगचे पैसे निर्वाणा आणि त्यांच्या कंपनीकडे, पण शब्द-चालीचे पैसे बोवीकडे. घरबसल्या. गिटारला हात न लावता.

दुसरं उदाहरण जरा घरचं. १९८१ मध्ये स्वित्झर्लंडात माँत्रोच्या स्टुडिओत बोवी आणि क्वीन हा बँड यांनी मिळून 'अंडर प्रेशर' केलं. क्वीनचा फ्रेडी मर्क्युरी म्हणजे आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेला फारुख बलसारा, हे इथे सांगायला नकोच (तरी मी प्रत्येक धाग्यावर सांगतो). त्यातला तो बेसचा तुकडा, डुं डुं डुं डुडुडुं डुं, १९९० मध्ये व्हॅनिला आइस या रॅपरने न विचारता उचलला. शेवटी प्रकरण मिटलं आणि त्याच्या गाण्यावर गीतकार-संगीतकार म्हणून बोवी आणि क्वीनची नावं लागली. त्या सात सुरांनी किती घरं चालवली असतील देव जाणे. मी तेच सात सूर २० वर्षं गणपतीत वाजवतोय, मला बटाटेवडा मिळतो.


खडूस_आजोबा
सगळे आरती ओवाळताय म्हणून थोडं कडू लिहितो.

एक, नशीब. रोखे १९९७ चे, इंटरनेटवरून फुकट गाणी वाटणारं नॅपस्टर आलं १९९९ मध्ये. दोन वर्षं उशीर झाला असता तर प्रुडेन्शियलने दारात उभं केलं नसतं. फुकट गाणी उतरवायचा सुकाळ झाला आणि सीडीचा धंदा बसला. २००४ मध्ये मूडीजने हेच रोखे बीएए३ वर आणले. आणखी एक पायरी घसरले असते तर कचऱ्यात जमा. जो मोहर बघून पैसे दिले तो पुढे बराच गळाला, असं म्हणा हवं तर.

दोन, पुलमनने नंतर जेम्स ब्राउन, आयस्ली ब्रदर्स अशा काहींचे रोखे काढले, पण त्याचा काही महापूर आला नाही. याचा अर्थ युक्ती सगळ्यांना लागू पडत नाही. २५ अल्बम आणि ते सगळे आपल्या नावावर, हे आधी पाहिजे. ज्याच्याकडे एकच कलम आहे त्याला कोण पीककर्ज देणार?

तीन, एक बोवी दिसतो तेव्हा त्याच्यामागे बुडालेले हजार दिसत नाहीत.


हिशेबनीस
आजोबा, नशिबाचा भाग कबूल. पण तो सगळाच आंधळा नव्हता. २००२ मध्ये त्याने न्यूयॉर्क टाइम्सला मुलाखत दिली होती. त्यात त्याचं म्हणणं असं होतं की संगीत आता नळाच्या पाण्यासारखं, विजेसारखं होणार, आणि कलावंतांनी भरपूर दौरे करायची तयारी ठेवावी, कारण तेवढंच एक वेगळं उरेल. स्ट्रीमिंग घरोघरी पोचायचं होतं तेव्हा. १९९८ मध्ये त्याने बोवीनेट नावाची स्वतःची इंटरनेट सेवा काढली होती, महिना २० डॉलरच्या आसपास, सोबत त्याच्या नावाचा ईमेल पत्ता. म्हणजे हा माणूस नळ कुठून येतोय ते बघत होता.

आणि दौऱ्यांबद्दल दैवाची क्रूर थट्टा अशी की तो सल्ला त्याला स्वतःला पाळता आला नाही. २००४ च्या जूनमध्ये जर्मनीत कार्यक्रमाच्या वेळी छातीत दुखायला लागलं, हृदयाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर त्याने दौरा केला नाही, मरेपर्यंत. पुढचा अल्बम थेट २०१३ मध्ये. मधली वर्षं न्यूयॉर्कात बायको-मुलीबरोबर, चित्रं बघत, पुस्तकं वाचत. ज्या काळात त्याच्या वयाचे बाकीचे गुडघे बांधून स्टेडियममध्ये नाचत होते, त्या काळात हा घरी बसू शकला, कारण बाग त्याची होती. मला विचाराल तर हाच सगळ्यात मोठा परतावा.


लेमानकाठ
मी स्वित्झर्लंडात लोझानला राहते, इथला बोवीचा एक धागा जोडते. तो १९७६ मध्ये इकडे आला, आधी माँत्रोजवळ ब्लोने गावात. ८० च्या दशकात आमच्या शहराच्या वरच्या अंगाला, सोवाबेलँच्या रानाशेजारी 'शातो दु सिन्याल' नावाचं घर घेतलं. १९९२ मध्ये इमानशी नोंदणी विवाहही लोझानलाच.

हवा चांगली म्हणून आला असेल, पण हवेपेक्षा आकडे जास्त चांगले होते. ब्रिटनमध्ये तेव्हा मोठ्या कमाईवर ८३ टक्के कर, आणि व्याज-लाभांशावर ९८ टक्क्यांपर्यंत. शंभरातले दोन हातात. इकडच्या कँटनमध्ये (म्हणजे प्रांतात) परदेशी श्रीमंतांना राहणीमानाच्या खर्चावर ठोकळ कर ठरवून द्यायची पद्धत आहे. बोवीचं नेमकं कसं ठरलं होतं त्यात मी शिरत नाही. पण चार्ली चॅप्लिनही याच तळ्याकाठी राहिला आणि वारला, एवढं सांगते. आमच्या मंडळाच्या दिवाळीला जो हॉल घेतो त्याच्या मागून ते रान दिसतं. दर वर्षी कुणीतरी "ते बघ बोवीचं घर" म्हणून चुकीच्या बंगल्याकडे बोट दाखवतं.


चिंचोका
म्हणजे करचुकवा. एवढं गोड बोलायची गरज नाही.


लेमानकाठ
@चिंचोका, बेकायदा काही नव्हतं म्हणून तो शब्द वापरला नाही. नैतिक की अनैतिक त्यावर वेगळा धागा काढा, मी येते. चकल्या आणते.


सूरपेटी
मला इथे एक वेगळीच गोष्ट खुपते आहे आणि ती कुणी काढली नाही म्हणून लिहिते.

झिगीच्या काळात बोवीबरोबर तीन जण होते. गिटारवर मिक रॉन्सन, बेसवर ट्रेव्हर बोल्डर, ड्रमवर वुडी वुडमन्सी. तिघांना आठवड्याचा पगार. अमेरिकेच्या दौऱ्यात माइक गार्सन नावाचा पियानोवाला नव्याने आला, तेव्हा बोलता बोलता कळलं की त्याला यांच्यापेक्षा कितीतरी जास्त मिळतंय. कुरबुर झाली. ३ जुलै १९७३ ला लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमध्ये बोवीने रंगमंचावरून जाहीर केलं की हा आपला शेवटचा कार्यक्रम. ड्रमवाल्याला आणि बेसवाल्याला ते तिथेच, हजारो लोकांबरोबर कळलं. नोकरी गेल्याचं माइकवरून ऐकायचं!

आणि रॉन्सन. तो नुसता गिटारवाला नव्हता. 'लाइफ ऑन मार्स' मधली व्हायोलिनं-चेलोंची सगळी मांडणी त्याची. डोळे मिटून ऐकलं तर ते वाद्यवृंदाचं चढत जाणं म्हणजेच ते गाणं. पण कागदावर शब्द आणि चाल बोवीची, म्हणून वर बेसगिटारवाल्यांनी सांगितलेल्या पहिल्या मालमत्तेत रॉन्सनचा वाटा शून्य. १९९३ मध्ये तो कर्करोगाने गेला, ४६ व्या वर्षी.

माझे बाबा मुंबईच्या स्टुडिओंत व्हायोलिन वाजवायचे. शिफ्टप्रमाणे पैसे. व्हाउचरवर सही केली की गाण्याशी संबंध संपला. एका नावाजलेल्या स्टुडिओने त्यांचे तीन महिन्यांचे पैसे लटकवले होते, आईने बांगडी मोडली तेव्हाचं मला आठवतंय. ते गाणं परवा रिक्षात लागलं होतं. त्यातला मधला व्हायोलिनचा तुकडा बाबांनी स्वतः सुचवलेला, घरी रोज सकाळी वाजवायचे. रिक्षावाल्याला सांगावंसं वाटलं, नाही सांगितलं.

हिशेबनीस काका, बाग त्याची होती हे खरंच. पण पाणी घालणारे हात कुणाचे, हे तुमच्या सातबाऱ्यावर येत नाही.


बेसगिटारवाला
सूरपेटी ताई, काय बोलू.

आपल्याकडे हे तर पिढ्यान्‌पिढ्या झालंय, आणि त्यात गोव्याची माणसं सगळ्यात जास्त. सेबॅस्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांचं वाद्यवृंद-संयोजन केलं, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट हेही त्याच मालिकेतले. नोटेशन लिहिता येणारी, चर्चमध्ये शिकलेली माणसं. संगीतकार पेटीवर चाल द्यायचे आणि तिचा वाडा उभा करायचे हे लोक. पडद्यावर नाव आलं तर 'सहायक' म्हणून, तेही नेहमी नाही.


हिशेबनीस
सूरपेटी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी हिशेबाच्या बाजूने लिहीत होतो आणि हिशेबात जे नाव नाही ते मला दिसलंच नाही, हे खरं.

आपल्याकडच्या कायद्याचं थोडं सांगतो. रॉयल्टीवरून लताबाई आणि रफीसाहेबांचं १९६० च्या दशकात बिनसलं होतं हे जुन्या लोकांना माहीत आहे. लताबाई म्हणत होत्या की रेकॉर्ड विकली जाते तोवर गायकाला हिस्सा हवा. रफीसाहेबांचं म्हणणं, एकदा मेहनताना घेतला की व्यवहार संपला. त्यापायी काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. बोवी तेव्हा शाळेत होता. लताबाईंनी मागितलं ते रोखेबाजाराच्या भाषेत अगदी बरोबर होतं: मला आजची पेटी नको, झाडात वाटा द्या.

२०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला. राज्यसभेत जावेद अख्तर त्यासाठी हट्टाने लढले. आता सिनेमासाठी लिहिणाऱ्या गीतकाराला आणि संगीतकाराला रॉयल्टीचा हक्क निर्मात्याला लिहून देताच येत नाही. सही केली तरी तो हक्क सुटत नाही. गायकांनाही कलावंत म्हणून हक्क आले. कायद्याने वादकही कलावंतच, पण जुन्या व्हाउचरवाल्यांच्या हाती त्यातलं किती आलं, हा प्रश्नच आहे.


पाव_उसळ
मग बोवी गेल्यावर त्या बागेचं काय झालं? पोरांनी विकली असेलच.


हिशेबनीस
@पाव_उसळ, अर्धवट विकली, आणि कुठली अर्धी ते बघण्यासारखं आहे.

१० जानेवारी २०१६ ला तो गेला, ६९ वा वाढदिवस आणि शेवटचा अल्बम यांच्यानंतर दोन दिवसांनी. न्यूयॉर्कच्या कोर्टात दाखल झालेल्या मृत्युपत्रात मालमत्ता १० कोटी डॉलरच्या आसपास. निम्मी बायकोला, पाव-पाव मुलाला आणि मुलीला. जिने वर्षानुवर्षं त्याचं सगळं सांभाळलं त्या सहायिकेला २० लाख डॉलर, आणि मुलाला लहानपणी सांभाळणाऱ्या बाईला १० लाख. (सूरपेटी, हे तुमच्या मुद्द्याचं उत्तर नाही, कल्पना आहे.)

त्याच वर्षी नोव्हेंबरात सदबीजने त्याच्या चित्रांचा लिलाव केला, ३ कोटी पौंडांच्या वर मिळाले. त्यातलं बास्किया या चित्रकाराचं एकटं चित्र ७० लाख पौंडांना गेलं. गंमत म्हणजे बास्कियावरच्या चित्रपटात बोवीने अँडी वॉरहॉलची भूमिका केली होती.

मग २०२२ च्या जानेवारीत वारसांनी शब्द-चालीचे हक्क वॉर्नर चॅपेल या संगीत प्रकाशन कंपनीला विकले, २५ कोटी डॉलरला अशी बातमी होती. ध्वनिमुद्रणं मात्र विकली नाहीत, तीही वॉर्नरकडेच पण वापरायला दिलेली. म्हणजे एक बाग विकली, दुसरी ठेवली. १९९७ मध्ये दोन्ही मिळून साडेपाच कोटींचं तारण होतं. मधल्या काळात व्याजदर तळाला गेले, स्ट्रीमिंगने जुन्या गाण्यांना पुन्हा मोहर आणला, आणि भाव असा चढला. थांबायची ऐपत होती म्हणून हा भाव मिळाला.


जाईजुई
खुर्ची अडवली होती ती आता वापरते. एक गोष्ट राहिली: अडगळ. बोवीने काहीच टाकलं नव्हतं. पोशाख, हाताने लिहिलेली गाणी, स्टुडिओतल्या चिठ्ठ्या, अगदी किल्ल्या. त्यासाठी पगारी माणूस ठेवला होता. २०१३ मध्ये लंडनच्या व्ही अँड ए संग्रहालयात त्याचं प्रदर्शन लागलं, तीन लाखांवर लोक आले, मग ते जगभर फिरलं. मी ते २०१८ मध्ये ब्रुकलिनला पाहिलं, भावाकडे गेले होते तेव्हा. एका काचेच्या पेटीत ओळी खोडलेला कागद होता. खोडलेलं लिहिलेल्यापेक्षा जास्त. त्याच्यासमोर एक आजीबाई बराच वेळ उभ्या होत्या, हलेनातच. सगळा संग्रह, ८० हजारांवर वस्तू, आता त्याच संग्रहालयाकडे आहे आणि २०२५ च्या सप्टेंबरात त्याचं कायमचं दालन पूर्व लंडनमध्ये उघडलं. कुठलीही वस्तू आधी मागणी नोंदवून समोर आणून बघता येते म्हणे. आमच्याकडे मात्र दिवाळी आली की आई रद्दीवाल्याला फोन लावते.


कातळावरचा
रद्दीवरून आठवलं, आमच्या आजोबांची कलमांची वही वाळवीने खाल्ली. कुठलं झाड कधी लावलं, डोळा कुठून आणला, सगळं होतं तिच्यात. आता नावं तेवढी तोंडी राहिलीत.

धागा मस्त झाला. निघतो, आभाळ भरून आलंय आणि मोहर उघडा पडलाय.


सूरपेटी
जाईजुईचं वाचून काल रात्री बाबांची पत्र्याची पेटी काढली. व्हायोलिनच्या तुटलेल्या तारा, रोझिनचा एक तुकडा आणि लाल कापडी पुठ्ठ्याची वही निघाली. तारीख, स्टुडिओ, किती ते किती, रुपये. १९७१ ते १९८८. सतरा वर्षांची, बारीक अक्षरात, एकही खाडाखोड नाही. गाण्याच्या रकान्यात कुठेच नाव नाही. 'गाणं १', 'गाणं २', 'पार्श्वसंगीत', 'गाणं १ पुन्हा'.


बेसगिटारवाला
ताई, तारीख आणि स्टुडिओ आहे ना? मग बरीच गाणी हुडकता येतील. जुन्या रेकॉर्डिंगच्या तारखा पाठ असलेले दोन-तीन वेडे माझ्या ओळखीत आहेत. पानांचे फोटो काढून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. एका वेळी एक पान, उजेडात, आणि वही परत त्या पत्र्याच्या पेटीत ठेवू नका, पावसाळ्यात गंजेल.